शेपटीचा दिवा

मामांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही.

त्या इंजिनावर मी चार महिने घालवलेत. छतावर धुराची काजळी, धुळकट काचेवर वायपर फिरून उरलेला स्वच्छ अर्धगोल, खिडकीबाहेर कोपर काढून बसलेला सव्वा सेंटिमीटरचा ड्रायव्हर. येणारा प्रत्येक जण आधी तिथे वाकतो. मामा सरळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले, चष्मा कपाळावर चढवला, रस्त्याच्या पुलाखाली मान घालून गाडीचा शेवटचा डबा शोधला आणि म्हणाले, "दिवा कुठाय?"

"कसला दिवा?"

"शेपटीचा! टेल लॅम्प. अगं, दिवा नाही म्हणजे ही गाडी अर्धवट आहे. उरलेले डबे तुटून मागे राहिले असतील. असली गाडी आली तर मागच्या स्टेशनला 'लाइन मोकळी' म्हणून कोण सांगेल?"

मामा मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसायचा, मामांना मागे पडलेला. माझ्या लेआउटमध्ये, म्हणजे टेबलावरच्या या मॉडेल रेल्वेत, त्यांना पाच मिनिटांत जे खटकलं ते मला दीड वर्षात दिसलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे गाडीची शेपटी मी मुद्दामच लपवली होती. का लपवली, ते आधी सांगते.

हे सगळं एका दुपारच्या फोटोंवरून सुरू झालं. एक छोटं स्टेशन, एक मेन लाइन, एक लूप, म्हणजे गाडी बाजूला थांबवायचा रूळ. ऑक्टोबर, चार वाजून दहा मिनिटं. लूपवर मालगाडी उभी, समोरून येणाऱ्या पॅसेंजरची वाट बघत. ऊन तिरपं झालेलं, वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, सावल्या मेन लाइनवर आडव्या पडलेल्या. दोन रुळांच्या मधोमध एक कुत्रं झोपलेलं, आणि गार्ड पायरीवर उभा राहून आळस देतोय. काहीच घडत नव्हतं, आणि ते काहीच न घडणं मला इतकं आवडलं की प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून मी त्रेसष्ट फोटो काढले. पॅसेंजर आली, गेली, मालगाडी सुटली, कुत्रं उठून गेलं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की हेच करायचं आणि एवढंच करायचं.

पोटापाण्यासाठी मी दातांच्या कवळ्या बनवते. त्यामुळे बारीक हत्यारं, मेण, ॲक्रिलिक, मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून होणारी भांडणं हे सगळं घरचंच. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, काम करताना सुरुवातीला वाटलं की सोपं आहे, प्रत्येक मापाला ८७ ने भागायचं. फोटोतून मापं काढणंही जमतं. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, रुळांखालचे आडवे सिमेंटचे स्लीपर साधारण ६० सेंटिमीटरवर एक. मग फोटोत स्लीपर मोजत जायचे. प्लॅटफॉर्म किती लांब, खांब किती अंतरावर, पुलाची कमान किती रुंद, सगळं स्लीपर सांगतात. दोन रविवार मी भिंग घेऊन नुसते स्लीपर मोजत बसले होते.

मग गाडीला ८७ ने भागलं आणि थांबले.

बेचाळीस वाघिणी. एकेक साधारण १४ मीटरची, वर इंजिन आणि ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डाचा डबा. खरी गाडी झाली सव्वासहाशे मीटरच्या आतबाहेर. ८७ ने भागल्यावर सात मीटर. माझी खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत ३.६ मीटर. म्हणजे खोलीच्या दुप्पट लांबीची नुसती गाडी, आणि तिला यायला-जायला जागा वेगळीच.

इथे हा छंद करणारे जे करतात त्याला निवडून आखडणं म्हणता येईल. सगळं सारखं लहान करायचं नाही. काही गोष्टी पूर्ण मापात ठेवायच्या, काही निम्म्या करायच्या, काही गाळायच्या. वाघीण आखडून चालत नाही, ती तिच्याच मापाची हवी. पण वाघिणींची संख्या कमी करता येते. प्रश्न असा की किती कमी केली तरी मालगाडी 'लांब' वाटेल? मी आठवर सुरू केलं. आठ वाघिणी म्हणजे खेळणं. चौदा लूपमध्ये मावेनात. शेवटी अकरावर आले, आणि अकराही थोड्याच वाटल्या.

एका संध्याकाळी दिवा न लावता खोलीत बसले होते. गाडीची मागची बाजू पुलापलीकडे अंधारात होती, आणि अकरा वाघिणींची गाडी एकदम लांबलचक वाटायला लागली. मग फोटो पुन्हा पाहिले. त्रेसष्टपैकी एकाही फोटोत गाडीची दोन्ही टोकं एकत्र नव्हती! एकतर इंजिन आहे, नाहीतर गार्ड आहे. खऱ्या मालगाडीची लांबी आपल्याला कधी दिसतच नाही. ती संपत नाही एवढंच कळतं. म्हणून मी लूपच्या मागच्या टोकावर रस्त्याचा पूल आणला. मूळ स्टेशनात तो पाऊण किलोमीटर दूर आहे. पुलाच्या अलीकडे दाट झाडं लावली. बघणारा कुठेही उभा राहिला तरी त्याला नऊ वाघिणी दिसतात आणि दहावी पुलाखाली शिरते. त्याच्या मागे किती आहेत ते ज्यानं त्यानं ठरवावं.

जॉन ॲलन या अमेरिकन माणसाचं मॉन्टेरेतलं लेआउट या छंदात दंतकथा झालेलं आहे. १९७३ मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच आगीत त्याच्या लेआउटचा बहुतेक भाग जळून गेला. तो आरसे लावून जागा मोठी भासवायचा. मीही पुलाखाली एक आरसा लावून पाहिला. त्यात माझी मालगाडी आली आणि समोरून हुबेहूब तशीच दुसरी मालगाडी येऊन तिच्यावर आदळली. वर माझा डोळा, राक्षसाएवढा. आरसा त्याच दिवशी काढला. ॲलनला जमत होतं, त्याला नमस्कार.

वळणांचं गणित तर आणखी निर्दय आहे. कॅलिफोर्नियातला तेहाचापीचा फेरा १८७६ साली बांधून झाला. डोंगर चढण्यासाठी रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून जातो. पुरेशी लांब मालगाडी असेल तर इंजिन वरून जात असताना खालून तिचेच डबे येत असतात. जगप्रसिद्ध, घट्ट म्हणून ओळखलेला फेरा. त्याची लांबी साधारण ११५० मीटर. एचओमध्ये काढलात तर १३ मीटरचा घेर, म्हणजे ४.२ मीटर व्यासाचं वर्तुळ. माझ्या खोलीत मावणार नाही. सॅन दिएगोच्या मॉडेल रेल्वे म्युझियममध्ये एका क्लबनं तेहाचापीचा तो सगळा घाट एचओमध्ये उभा केलाय, पण त्यांच्याकडे दालन आहे आणि माणसं आहेत. माझ्या टोकांच्या वळणांची त्रिज्या ७५ सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या जगात ६५ मीटर. एवढ्या वळणावर खरी मेन लाइनची गाडी कोणी नेणार नाही. पॅसेंजरचे लांब डबे त्यावरून जाताना मधून आत येतात, टोकांनी बाहेर जातात आणि दोन डब्यांच्या मधे उघडं खिंडार पडतं. त्यामुळे वळणं सगळी झाडांमागे आणि पडद्यामागे. समोरच्या भागात रूळ जवळजवळ सरळ, पण टेबलाच्या कडेला अगदी समांतर नाही, किंचित तिरपा. समांतर रूळ फळीवर ठेवल्यासारखा दिसतो. एवढ्याशा तिरकेपणानं फळी नाहीशी होते, का ते विचारू नका.

रंगाबद्दल मात्र मी थोडी फुशारकी मारणार आहे, कारण तिथे माझा धंदा कामी आला. नव्यानं कवळी बसवणारे लोक पांढरेशुभ्र, सगळे सारखे दात मागतात. तसे दिले की माणूस हसल्याबरोबर खोटे आहेत हे कळतं. खरे दात एका रंगाचे नसतात. मुळाशी पिवळट, टोकाला जरा पारदर्शक, सुळा शेजाऱ्यापेक्षा गडद. माझ्या टेबलावर छटांची सोळा नमुना-दातांची पट्टी असते आणि तरीही दोन छटांच्या मधलं काहीतरी मिसळावं लागतंच.

हे सगळं माहीत असून मी पहिल्या पाच वाघिणी एकाच दुपारी, एकाच तपकिरी रंगानं मळवल्या. एकाच डबक्यात बुचकळून काढल्यासारख्या दिसत होत्या. मग फोटो घेऊन एकेक वाघीण वेगळी बघायला लागले. एकीच्या बाजूला नंबर नव्यानं लिहिलेला, तेवढाच चौकोन काळाकुळकुळीत आणि बाकी फिकं. एकीचा दरवाजा दुसऱ्या वाघिणीचा आणून बसवलेला. गंज सगळीकडे नसतोच. तो जोडाच्या रेषेवर, पत्रा वाकलेल्या ठिकाणी, दाराच्या खालच्या कडेला सुरू होतो आणि तिथून पावसाच्या पाण्यानं खाली ओघळतो. दाराचा दांडा मात्र हात लागून लागून चकचकीत. आणि एक गोष्ट मला तोपर्यंत कधीच दिसली नव्हती. वाघिणीच्या पुढच्या-मागच्या भिंतीवर दोन उभे मातकट पट्टे असतात, बरोबर चाकांच्या रेषेत. शेजारच्या वाघिणीच्या चाकांनी उडवलेला चिखल. ते पट्टे खडूच्या पुडीनं काढले, वर मॅट वार्निशचा हलका फवारा दिला आणि प्लॅस्टिकचा डबा टनावारी वजनाचा झाला.

वजनाचं खरं गणितही आहे. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन १९३५ पासून अशी मापं ठरवत आली आहे. एचओसाठी त्यांची शिफारस अशी की मुळात एक औंस आणि डब्याच्या दर इंचामागे अर्धा औंस. माझ्या १६ सेंटिमीटरच्या वाघिणीला ते एकशेवीस ग्रॅमच्या आसपास येतं. पेटीतून निघालेली वाघीण ऐंशी ग्रॅमसुद्धा भरत नव्हती आणि वळणावर मधूनच लोळण घ्यायची. आत शिशाचे तुकडे चिकटवल्यापासून शहाण्यासारखी वागते.

खडी टाकण्याच्या कामाबद्दल कमी बोलावं. रुळाखालची खरी खडी ५ सेंटिमीटरच्या आसपासची, म्हणजे माझी अर्ध्या मिलिमीटरची हवी. त्याहून मोठी टाकली की रूळ दगडांच्या राशीवर ठेवल्यासारखे दिसतात. ती ब्रशनं बसवायची, पाण्याचा फवारा मारायचा आणि निम्मं पाणी घातलेला पांढरा गोंद ड्रॉपरनं सोडायचा. गोंदात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो खडीवर गोळा न होता झिरपतो. किती झिरपतो ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. लूपच्या तोंडाशी असलेल्या पॉइंटच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या, पात्यांखाली रात्रभर गोंद उतरला होता आणि पाती दगडासारखी घट्ट. दातांवरचं किटण काढायचं हत्यार घेऊन तासभर खरवडलं. पाती सुटली, पण दोन पात्यांना जोडणारी पट्टी मोडली. अख्खा पॉइंट उखडून नवा घातला. त्याच्याभोवतीची खडी आजही बाकीपेक्षा एक छटा उजळ आहे. कोणी विचारलं तर सांगते, तिथे नुकतंच दुरुस्तीचं काम झालंय. खोटं नाही.

वेगाचं मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण सुंदर लेआउटवर गाड्या विंचू चावल्यासारख्या पळताना मी पाहिल्यात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एचओमध्ये सेकंदाला १९ सेंटिमीटर. माझ्या टेबलाची ३.६ मीटर लांबी काटायला पॅसेंजरला १९ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून बघा, फार हळू वाटतं. पहिल्या दिवशी मलाही वाटलं की काहीतरी बिघडलंय. आठवड्यानं डोळा सरावला आणि आता जास्त वेग बघवत नाही. मालगाडी सुटतानाची गंमत डीकोडरमध्ये, म्हणजे इंजिनाची मोटर चालवणाऱ्या छोट्या चिपमध्ये, आहे. सीव्ही ३ हा आकडा म्हणजे गाडीनं वेग घ्यायला किती वेळ लावायचा ते. मी तो ३० ठेवलाय, म्हणजे उभ्या गाडीला पूर्ण वेगाला यायला २७ सेकंदांच्या आसपास. थांबण्यासाठी सीव्ही ४, तो त्याहून जास्त. थांबायचं कुठे हे आधीपासून डोक्यात ठेवावं लागतं. नाहीतर गाडी सिग्नल ओलांडून जाते, आणि गेलीच आहे दोनदा.

हे सगळं मामांना दाखवायचं म्हणून मी पॅसेंजर आणली. ती मेन लाइनवरून गेली, सिग्नल दिला, मालगाडी सुटली. मामा काही बोलेनात. मी बघते तर त्यांनी डोळे मिटलेले.

"पुन्हा सोड."

पुन्हा थांबवली, पुन्हा सोडली. इंजिन हललं आणि मागे डबे जोडणारं एकेक कप्लिंग ताणल्याचा बारीक आवाज आला. टिक, टिक, टिक, अकरा वेळा, पुलाखाली शिरत शिरत. हा आवाज माझ्यासमोर रोज होत होता. मी तो कप्लिंग सैल असल्याचा दोष समजत होते.

"ही ढील," मामा म्हणाले. "इंजिन सुटतं तेव्हा गार्ड अजून उभाच असतो. मग झटके एकेक वाघीण करत मागे येतात आणि सगळ्यात मोठा आपल्याला. दांडा धरला नसेल तर चहाचा कप अंगावर. फार आधी ऐकू यायचं ते. आला, आला, आला… आणि धाड!"

मग पुन्हा दिव्यावर आले. शेपटी दिसू नये म्हणून मी एवढा खटाटोप केलाय, ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "बघणाऱ्याला नको दिसू दे," म्हणाले, "पण स्टेशनमास्तरला दिसलीच पाहिजे." आता बऱ्याच ठिकाणी गार्डाचा डबा गेला, रुळाला लावलेली यंत्रं आत आलेले आणि बाहेर गेलेले चाकांचे आस मोजतात, शेवटच्या कप्लिंगला लुकलुकणारी पेटी टांगतात, हे मी म्हटलं. "पेटीला काय कळतं," एवढंच उत्तर आलं. त्यांनी माझ्या स्टेशनमास्तरकडे बोट दाखवलं. दीड वर्षापूर्वी प्लॅटफॉर्मवर चिकटवलेला दोन सेंटिमीटरचा पुतळा, हातात हिरवा बावटा. "हा इंजिनाकडे काय बघतोय? इंजिन गेल्यावरच याचं काम सुरू होतं. याला मागे वळव."

स्टेशनमास्तर त्याच रात्री उपटला आणि फिरवून चिकटवला. दिव्याला तीन आठवडे लागले.

जुना रॉकेलचा टेल लॅम्प उंचीला हातभरापेक्षा कमीच असतो. माझ्या मापात साडेतीन मिलिमीटर. त्याचं अंग मी कवळीच्या ॲक्रिलिकमधून कोरलं, आत एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद एलईडी. केसासारख्या दोन तारा ब्रेकव्हॅनच्या जमिनीतून खाली, चाकांच्या मागच्या बाजूला घासणाऱ्या ब्राँझच्या पट्ट्यांपर्यंत. मधे रेझिस्टर, तोही मोठा, म्हणजे उजेड जेमतेम. पहिला प्रयत्न इतका झगझगीत होता की झाडांच्या खोडांवर लाल प्रकाश पडत होता. भिंगासाठी पारदर्शक रेझिनचा थेंब, त्यात लाल शाई सुईच्या टोकानं.

दिवा लागला, पण धड लागेना. रुळावर जरा धूळ असली किंवा पॉइंटचा सांधा आला की विझायचा आणि पुन्हा लागायचा. ब्रेकव्हॅन हलकी, तिच्या चाकांना रूळ नीट धरता येत नव्हता. शिसं घालून ती ८५ ग्रॅमची केली, चाकं पुसली, पट्ट्या वाकवून दाब वाढवला. बराच फरक पडला, पण मधूनच थरथर राहिलीच. यावर इलाज कपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवून ठेवणारा तुकडा. तो आणून ठेवला, आणि बसवायच्या आधीच मामा आले.

मी मुद्दाम काही बोलले नाही. मालगाडी सोडली. टिक टिक टिक करत वाघिणी ताणल्या, गाडी पुलाखालून स्टेशनात शिरायला लागली. नऊ, दहा, अकरा. शेवटी ब्रेकव्हॅन आणि तिच्या मागे तो लाल ठिपका. मामा या वेळी प्लॅटफॉर्मच्या टोकाशी, स्टेशनमास्तरच्या पातळीला डोळे आणून वाकले होते. पॉइंटवर आल्यावर दिवा दोनदा फडफडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडून कपॅसिटरचं सांगणार होते.

"वात वर आलीय," मामा म्हणाले. "खाली कर थोडी, काच काळी होईल."

कपॅसिटर अजून ड्रॉवरमध्येच आहे.